गाळ, भरती आणि बांध : खाजणभूमीच्या पुनरुज्जीवनाचा प्रश्न

श्रावण-भाद्रपदात नांदेडच्या घाटांवरून वाहणारे गोदावरीचे पाणी गढूळ व काळपट असते. हा रंग पाण्याचा नव्हे, मराठवाड्याच्या काळ्या जमिनीचा आहे. नांगरटीनंतर मोकळी झालेली माती वळवाच्या आणि मृगाच्या सरींबरोबर ओढ्यात उतरते, ओढ्यातून नदीत येते आणि नदीच्या वेगाबरोबर पूर्वेकडे जाते. लातूरकडून येणारी मांजराही हेच ओझे घेऊन कंदकुर्तीपाशी गोदावरीस मिळते. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर असल्यामुळे खाजण, खारफुटी, उधाण हे शब्द येथील विद्यार्थ्यास बहुधा पुस्तकातच भेटतात. परंतु नदीच्या दृष्टीने पाहिले तर नांदेडचा घाट आणि कोरिंगाचा चिखल ही एकाच प्रवाहाची दोन ठिकाणे आहेत. वर जे घडते त्याचा हिशेब खाली द्यावा लागतो.

भरतीच्या पाण्याखाली ठरावीक काळ बुडणाऱ्या आणि ठरावीक काळ उघड्या पडणाऱ्या सपाट, चिखलट किनारी जमिनीस कोकणात सामान्यतः खाजण म्हणतात. तिचे सारे परिस्थितिविज्ञान एका साध्या गोष्टीवर उभे आहे. ती गोष्ट म्हणजे जमिनीची समुद्रपातळीच्या मानाने असलेली उंची. सरासरी समुद्रपातळीच्या खाली असलेली जमीन इतका वेळ पाण्यात राहते की तेथे खारफुटीचे रोप तग धरू शकत नाही. ती उघड्या चिखलाची पुळण म्हणूनच राहते. याउलट मोठ्या उधाणाचे पाणीही जेथे क्वचितच पोहोचते, तेथे बाष्पीभवनाने मीठ साठत जाते आणि वनस्पती खुरटतात किंवा नाहीशा होतात. या दोन मर्यादांमधील पट्टा हाच खारफुटीचा मुलूख होय. मुंबईजवळ उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत चार ते पाच मीटर अंतर पडते. दक्षिणेकडे ते कमी होत जाऊन गोव्याकडे दोन मीटरांच्या आसपास येते. म्हणून खारफुटीचा उभा पट्टा उत्तरेस ऐसपैस आणि दक्षिणेस चिंचोळा असतो. जमिनीचा उतार अत्यंत अल्प असल्याने उंचीतील वीतभर फरक आडव्या मापाने शेकडो मीटरांचा होतो. हे ध्यानात न ठेवल्यामुळे पुनरुज्जीवनाचे अनेक प्रयत्न फसले. त्याचा विचार पुढे येईल.

या पट्ट्यातील वनस्पतींची शरीररचना पाठ्यपुस्तकांत सविस्तर दिलेली असते. तिवराची चिखलातून उभी वर येणारी पेन्सिलीएवढी श्वसनमुळे, कांदळाची कमानदार आधारमुळे, मीठ बाहेर टाकणाऱ्या पर्णग्रंथी, झाडावर असतानाच अंकुरणारी फळे, ही सर्व ऑक्सिजनरहित आणि खारट चिखलात जगण्याची साधने आहेत. मुंबई व साष्टीच्या खारफुटीचा या दृष्टीने पद्धतशीर अभ्यास १९४० च्या दशकात प्रा. भरुचा व नवलकर यांनी केला. मातीतील क्षारता, पानांतील क्षारांचे प्रमाण आणि वनस्पतींचे पट्टे यांचा परस्परसंबंध त्यांनी मोजून पाहिला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यापुरते बोलायचे तर या विषयाचा पाया तेथे घातला गेला. पुढील काळात जातींच्या याद्या पुष्कळ झाल्या. मोजमापे मात्र त्या मानाने थोडी झाली.

वनस्पती केवळ तेथे राहतात असे नाही. त्या ती जमीन घडवतातही. मुळांच्या आणि खोडांच्या दाटीत भरतीच्या पाण्याचा वेग मंदावतो, तरंगणारा गाळ खाली बसतो, त्यात पाने व मुळे मिसळतात आणि जमीन वर्षाला काही मिलिमीटर उंच होते. समुद्रही स्थिर नाही. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९० च्या दशकापासून वर्षाला सरासरी तीन मिलिमीटरांहून थोडी अधिक वेगाने चढत आहे. जोपर्यंत गाळ मिळतो आणि मुळांची वाढ चालू राहते, तोपर्यंत खाजण समुद्राबरोबर वर चढते. गाळ तुटला की ही शर्यत हरली जाते.

गोदावरीच्या मुखाशी नेमके हेच घडत आले आहे. दवलेश्वरमच्या खाली नदी गौतमी व वसिष्ठ अशा मुख्य फाट्यांत विभागते. तेथे आर्थर कॉटन याने १८४७ ते १८५२ या काळात बांधलेला बंधारा हा त्रिभुज प्रदेशातील पहिला मोठा अडथळा होता. परंतु त्याने पाणी वळवले, गाळ फारसा अडवला नाही. गाळ अडवला तो नंतरच्या धरणांनी. मांजरेवरील निजामसागर १९३१ साली पूर्ण झाला. गोदावरीच्या मुख्य प्रवाहावर पैठणचे जायकवाडी आणि पोचमपाडचे श्रीरामसागर ही धरणे १९७० च्या दशकात उभी राहिली. नांदेडजवळचा विष्णुपुरी प्रकल्प त्यानंतरचा. संशोधकांनी केलेल्या मोजणीनुसार १९७० च्या दशकात नदी वर्षाला सरासरी सुमारे १५ कोटी टन तरंगता गाळ खाली नेत होती. १९९० च्या दशकात हे प्रमाण ६ कोटी टनांच्याही खाली आले. उपग्रहचित्रांच्या तुलनेवरून १९७६ ते २००१ या पंचवीस वर्षांत त्रिभुज प्रदेशाच्या समुद्राकडील कडेने नव्याने तयार झालेली जमीन वजा जाता सुमारे १८ चौरस किलोमीटर भूमी गमावली असे दिसून आले. त्यात खारफुटीचाही भाग होता. या घटीचे सगळे खापर मराठवाड्यातील धरणांवर फोडणे मात्र शास्त्रीय ठरणार नाही. गोदावरीचे बहुतेक पाणी प्राणहिता, इंद्रावती, शबरी या खालच्या उपनद्या आणतात. वरचे खोरे पर्जन्यछायेतले आहे. परंतु काळ्या मातीचा जो वाटा पूर्वी खाली जात असे, तो आता जलाशयांच्या तळाशी साठतो, आणि तेथे तो कोणालाच नको असतो, हेही तितकेच खरे.

कोरिंगाचे अरण्य १९७८ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २३५ चौरस किलोमीटर आहे. तिवर, हुरा, कांदळ यांची दाट राई तेथे आजही आहे. तथापि राईच्या मध्येच मोठमोठी उजाड मैदानेही होती. तोडीने झाडे गेली आणि नंतर कितीही वर्षे लोटली तरी ती परत आली नाहीत. असे का व्हावे? बियांचा तुटवडा नव्हता. लाखो बिया भरतीबरोबर येऊन पडत होत्या. या कोड्याचा उलगडा तमिळनाडूतील पिचावरम येथे झाला. चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने वनखात्याच्या सहकार्याने १९९३ पासून तेथे प्रयोग आरंभिले. एका तुकड्यातील झाडे सरसकट तोडली की चिखल उन्हास उघडा पडतो, त्यातील पाणी उडून जाते, माती आकसते आणि मध्यभाग परातीसारखा खोलगट होतो. उधाणाचे पाणी परातीत शिरते, परंतु ओहोटीला बाहेर पडत नाही. ते तेथेच आटते. पुढच्या उधाणाला पुन्हा शिरते, पुन्हा आटते. अशा रीतीने मातीची क्षारता समुद्राच्या पाण्याच्या कितीतरी पट होते आणि आलेले प्रत्येक रोप मरते. म्हणजे अडचण झाडांची नव्हती, पाण्याच्या निचऱ्याची होती.

हे एकदा समजल्यावर उपाय अगदी साधा होता. नैसर्गिक खाडीस जोडलेला एक मुख्य कालवा आणि त्यास तिरकस मिळणारे लहान पाट, अशी माशाच्या काट्यासारखी रचना खणण्यात आली. भरतीचे पाणी रोज आत येऊ लागले आणि रोज बाहेर जाऊ लागले. साठलेले मीठ धुतले गेले. पाटांच्या उतारावर लावलेली रोपे जगली आणि काही वर्षांनी मधल्या जागेत आपोआप रोपे उगवू लागली. हीच पद्धत पुढे कृष्णा व गोदावरीच्या मुखाशी वापरली गेली आणि पूर्व किनाऱ्यावर हजाराहून अधिक हेक्टर उजाड खाजण हिरवे झाले. तिचा दोषही नोंदवला पाहिजे. पाट गाळाने भरतात, आणि ते वेळोवेळी उपसले नाहीत तर परात पुन्हा परातच होते. म्हणून आसपासच्या गावांनी या कामात भाग घेणे ही नुसती सौजन्याची बाब राहत नाही. कालव्याचे आयुष्य त्यावर अवलंबून असते.

अमेरिकेत फ्लोरिडातील वेस्ट लेक येथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस रॉबिन लुईस यांनी हेच तत्त्व निराळ्या रीतीने पडताळून पाहिले. भरावाखाली गाडलेल्या जमिनीवरील माती काढून तिची उंची शेजारच्या जिवंत खारफुटीच्या उंचीइतकी केली, जुने प्रवाहमार्ग मोकळे केले आणि रोपे लावलीच नाहीत. सुमारे सात वर्षांत तेथे दाट राई उभी राहिली. याउलट फिलिपीन्समध्ये वर्षानुवर्षे कोट्यवधी रोपे लावली गेली, तरी जगणाऱ्या रोपांचे प्रमाण बहुतेक ठिकाणी शेकडा दहा ते वीस एवढेच राहिले. जमीन मोकळी, मालकी निर्वेध आणि छायाचित्रास सोयीची म्हणून रोपे सरासरी समुद्रपातळीखालच्या पुळणीवर लावली गेली होती. तेथे खारफुटी निसर्गतःच कधी नव्हती. लावलेल्या रोपांची संख्या सांगणारा अहवाल वाचताना ती कोणत्या पातळीवर लावली हे विचारण्याची सवय अभ्यासकाने लावून घेणे बरे.

आता पश्चिम किनाऱ्याकडे वळले असता प्रश्नाचे स्वरूपच पालटते. गोदावरीच्या मुखाशी जमीन कमी पडते आहे. कोकणात ती शेतकऱ्याने समुद्राकडून मिळवलेली आहे. अलिबाग, पेण, पनवेल या भागांतील खारेपाट, तसेच दक्षिणेकडील खाड्यांच्या काठची कितीतरी भातशेती, मूळची खाजणेच होत. चिखल, दगड आणि गवत यांचा बांध घालून भरती अडवायची, बांधात ठिकठिकाणी उघाडी ठेवायची, आणि पावसाळ्यात साचलेले गोडे पाणी ओहोटीला उघाडीतून बाहेर सोडायचे, ही तिची रीत. उघाडीचे दार असे बसवलेले असते की भरतीच्या दाबाने ते आपोआप मिटावे व ओहोटीला आतल्या पाण्याने उघडावे. गोव्यात यासच मानस म्हणतात, आणि तेथील सुमारे १८ हजार हेक्टर खाजणशेती अशाच मानशींवर उभी आहे. पाऊस मातीतील मीठ खाली दाबतो तेवढ्या चार महिन्यांत भाताचे एक पीक निघते. उन्हाळ्यात केशाकर्षणाने मीठ पुन्हा वर येते. म्हणून येथे मीठ सोसणारे भाताचे वाण लागतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेले 'पनवेल' नावाचे वाण याच गरजेतून जन्मले.

बांध ही वस्तू दरवर्षी हात मागते. खेकडे तो पोखरतात, उधाण त्यास झिजवते, आणि एका रात्रीत खांड पडली तर शंभर शेतांत खारे पाणी शिरते. म्हणून बांधाची निगा ही नेहमीच सामूहिक व्यवस्था राहिली. जुन्या कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री नावाची वहिवाट होती. बाहेरचा बांध राखण्यासाठी बिघ्यामागे एक मण भात वेगळे घेतले जाई. गोव्यात हे काम गावकरीकडे असे. पुढे खोतीत या व्यवस्थेचे रूप बदलले. बांधावर राबायचे कुळाने आणि धनी व्हायचे खोताने, अशी स्थिती आली. १९३३ साली अलिबागजवळच्या चरी येथे सुरू झालेला व सुमारे सहा वर्षे चाललेला शेतकऱ्यांचा संप याच खारेपाटातला आहे. त्याचा इतिहास कुळकायद्याच्या संदर्भात सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या जमिनीसाठी तो झाला ती भरतीच्या पातळीखालची जमीन होती, ही गोष्ट परिस्थितिविज्ञानाच्या अभ्यासकाने विसरू नये.

मुंबई राज्याने १९४८ साली खारभूमीचा कायदा करून मंडळ नेमले. महाराष्ट्राने १९७९ साली नवा खारभूमी विकास कायदा केला. कुळे मालक झाली, बांध सरकारी योजनांत गेले. यात शेतकऱ्याचा लाभ झाला यात संशय नाही. परंतु सामूहिक निगेची जुनी सक्ती सुटली आणि नवीन यंत्रणा प्रत्येक खांडीपर्यंत वेळेवर पोहोचली असे झाले नाही. त्याच काळात गावातील तरुण मुंबईच्या गिरण्यांत आणि नंतर कारखानदारीत गेले. खांड पडली, एक पावसाळा गेला, दुसरा गेला. बांध लगेच बुजवला असता तर दोन-तीन पावसाळ्यांत मीठ धुतले गेले असते. तो बुजला नाही तेथे भरतीबरोबर तिवराच्या बिया आल्या आणि भाताच्या खाचरांत रुजल्या.

निसर्गाच्या दृष्टीने हे पुनरुज्जीवनच होय, आणि तेही बिनखर्चाचे. इंग्लंडात एसेक्समधील टॉल्सबरी येथे १९९५ साली सुमारे २१ हेक्टर शेतजमिनीचा समुद्रबांध मुद्दाम फोडण्यात आला आणि त्या जमिनीचे काय होते याचे वर्षानुवर्षे मोजमाप ठेवण्यात आले. तेथे आढळलेली एक गोष्ट कोकणालाही लागू पडते. बांधाआडची जमीन गाळाला मुकलेली असते. सेंद्रिय द्रव्य कुजून व माती आवळून ती बाहेरच्या खाजणापेक्षा खाली गेलेली असते. बांध फुटल्यावर प्रथम तेथे खोल पाणी व उघडा चिखल होतो. वनस्पती उंच कडांवर येतात आणि गाळ साचेल तसतशा आत सरकतात. शिवाय काही खाजणमातींत लोह-गंधकाची संयुगे असतात. कोरडी पडून हवा लागली की त्यांचे आम्ल बनते आणि ते पाण्यातील मासळीस बाधते. म्हणून बांधाआडची जमीन व बाहेरची जमीन एकसारखी मानणे चुकीचे ठरते.

परंतु टॉल्सबरी आणि खारेपाट यांत एक भेद असा आहे की तो कोणत्याही मोजमापाने मिटत नाही. तेथे जमीन या कामासाठी विचारपूर्वक सोडलेली होती. येथे सातबारा अजून शेतकऱ्याच्याच नावावर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने राज्यभर खारफुटीच्या तोडीस मनाई केली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने ती मनाई कायम केली. खारफुटीची जमीन कोणाच्याही मालकीची असो, ती किनारा नियमनाच्या सर्वांत कडक वर्गात मोडते आणि तिच्याभोवती ५० मीटरांचा पट्टाही राखला जातो, असे त्यात ठरले. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत भराव टाकणाऱ्यांचा हात या निर्णयाने धरला, हे त्याचे मोठे श्रेय. मात्र खारेपाटात त्याचा अर्थ असा झाला की ज्याच्या शेतात यंत्रणेच्या विलंबामुळे तिवर उगवली, त्यास ती काढता येत नाही आणि भातही घेता येत नाही. राज्याने २०१२ साली स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. खेकडे व कालवे यांच्या संवर्धनासारखी उपजीविकेची साधने तो किनारी गावांना पुरवतो. हे प्रयत्न स्तुत्य आहेत. तथापि जमिनीचा मोबदला आणि मासळीची बोटुकली या दोन गोष्टी एकमेकींच्या बदली नव्हेत. पुनरुज्जीवित खाजण वादळात गावाचे रक्षण करते, मासळीच्या पिलांना आसरा देते, चिखलात कार्बन साठवते. हा लाभ साऱ्या किनाऱ्यास होतो आणि त्याची किंमत मात्र दोन-चार बिघ्यांचा धनी एकटा मोजतो. असा हिशेब फार काळ टिकणार नाही.

खारफुटी वाढली म्हणजे खाजण सुधारले, हे समीकरणही तपासून घ्यावे लागते. ठाण्याच्या खाडीत गाळ साचून पुळणी उंच झाल्या आणि तिवर आत सरकली. वननकाशावर ही वाढ हिरवी दिसते. परंतु त्याच पुळणींवर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे आणि दूर उत्तरेकडून येणारे चिखलपक्षी चरतात. त्यांस उघडा चिखल हवा असतो. त्या पक्ष्यांसाठीच २०१५ साली तेथे सुमारे १७ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य झाले आणि २०२२ साली खाडीची नोंद रामसर यादीत झाली. अशा ठिकाणी आणखी रोपे लावणे म्हणजे एका अधिवासाने दुसरा गिळणे होय. पुळण, खारफुटी, तिच्यामागचे खारट गवताळ माळ आणि बांधाआडचे भातखाचर ही चार पायऱ्यांची एकच उतरण आहे. तिची कोणती पायरी कोठे हवी हे ठरवण्यापूर्वी तिची उंची मोजलेली असली पाहिजे.

उंचीचे हे काम नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. त्यासाठी लागते ते सपाटीमापक यंत्र, मातीतील क्षारांची वाहकता मोजणारे साधे उपकरण आणि भरतीचे कोष्टक. खांड पडलेल्या खाचरात ठरावीक अंतरावर खुंट्या रोवून दर उधाणानंतर साचलेल्या गाळाची जाडी मोजली, तर बांध दुरुस्त करणे अजून शक्य आहे की जमीन भरतीला सोडणे श्रेयस्कर, याचे उत्तर काही वर्षांत देता येते. खारेपाटातील अनेक खांडींसाठी ही मोजणी शेतकऱ्यास आज हवी आहे. तिच्यावर त्याचा मोबदल्याचा अर्जही उभा राहू शकतो. आणि वरच्या खोऱ्यात, जायकवाडी किंवा विष्णुपुरीच्या फुगवट्याच्या टोकाशी गाळाचा जो थर दरवर्षी चढतो, त्याचे जाड-बारीक कण वेगळे करून मोजले, तर कोरिंगाच्या वाट्याचे किती येथेच थांबले हेही समजू शकेल.